शनिवारचा एसएटी वाचनवर्ग: झेरॉक्स की लॅपटॉप?

प्रेषक: म. दे. (शनिवार वर्ग)

मंडळी,
शनिवारी ११ वाजता अकरावीच्या मुलांचा एसएटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, वाचनवर्ग आहे. खजिनदारसाहेब, सरावाच्या उताऱ्यांच्या झेरॉक्सला लगेच हो म्हणालात, आभार, पण काढू नका. कपाटातले उतारे जुन्या एसएटीचे आहेत. तेव्हा ६५ मिनिटांत पाच लांबलचक उतारे आणि ५२ प्रश्न असायचे. मार्च २०२४ पासून इथे अमेरिकेत सगळं डिजिटल झालंय: उतारा २५ ते १५० शब्दांचा, त्यावर एकच प्रश्न. असे २७ प्रश्न ३२ मिनिटांत, आणि दोनदा. मुलांनी ब्लूबुक (परीक्षेचं ॲप) आधीच उतरवून लॅपटॉप आणावेत. हॉलमधले किती प्लग चालू आहेत? दिवाळीत स्टेजकडचे गेले होते.

प्रेषक: खजिनदार

गेले ते गेलेच. स्वयंपाकघराकडचे दोन चालू आहेत, पण तिथे कॉफीचा पॉट असतो. त्याच्या जोडीला काहीही लावलं की काय होतं, ते संक्रांतीला सगळ्यांनी अंधारात बसून पाहिलंय. कागदाला प्लग लागत नाही. आणि पेन्सिल हातात नसेल तर ते कसलं वाचन? ओळी अधोरेखित करा, समासात लिहा, हेच ना ते ‘सक्रिय वाचन’?

प्रेषक: र. का.

खजिनदारांना अनुमोदन. बोर्डाच्या पेपरात आम्ही उतारा कसा सोडवायचो? प्रश्नातला शब्द धरायचा, उताऱ्यात तोच शब्द हुडकायचा, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. पैकीच्या पैकी! उताऱ्याचा अर्थ कळला नाही तरी अडायचं नाही. मुलांना एवढं शिकवलंत तरी पुरे. बाकी, सहलीचे पैसे अजून बऱ्याच जणांकडून यायचेत.

प्रेषक: म. दे.

काका, नेमकी हीच सवय मोडायला वर्ग घेतेय! घरी आईबाबा असंच शिकवतात आणि मुलं त्यातच फसतात. चुकीचे पर्याय मुद्दाम उताऱ्यातलेच शब्द घेऊन रचलेले असतात.

मागच्या वर्गातलं सांगते. उतारा असा: शहरातले काही पक्षी रानातल्या भाऊबंदांपेक्षा वरच्या पट्टीत गातात, कारण रहदारीची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि तिच्यात खालचे सूर बुडतात, असं संशोधकांचं म्हणणं. प्रश्न: कोणत्या निरीक्षणाने या म्हणण्याला सर्वांत जास्त बळ मिळेल? अर्ध्या वर्गाने निवडलं, ‘शहरात रहदारीचा आवाज रानापेक्षा जास्त असतो.’ खरंच आहे ते, शब्दही उताऱ्यातलेच. पण त्यात पक्ष्यांबद्दल अवाक्षर नाही! बरोबर पर्याय होता, ‘एकाच शहरात गजबजलेल्या रस्त्याकडेचे पक्षी शांत बागेतल्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातात.’

म्हणून क्रम असा: आधी प्रश्न, मग उतारा, मग पर्याय हाताने झाकून आपलं उत्तर आपल्या शब्दांत पुटपुटायचं, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना. त्यानंतरच पर्याय उघडायचे, आणि जो खोडायचा त्यातल्या नडणाऱ्या शब्दावर बोट ठेवायचं. ‘नेहमी’, ‘एकमेव’, ‘सिद्ध झाले’ असले शब्द बहुधा नडतात. खुणा फक्त मुख्य म्हणण्याला आणि ‘बट’, ‘हाउएव्हर’ला. काही मुलं सगळा उतारा पिवळा करतात. त्याला वाचन नाही, रंगकाम म्हणतात.

प्रेषक: मराठी शाळा, दुसरी खोली

‘मोडक्यातोडक्या मराठीत’? आमच्या वर्गातून गेलेली मुलं आहेत ती. शुद्ध पुटपुटतील. आणि पुटपुटणं हळू ठेवा, मधला पडदा पातळ आहे, आमची त्याच वेळी बाराखडी असते.

प्रेषक: खजिनदार

बोर्डाचं जाऊ द्या. पण आमची धाकटी एसीटी, म्हणजे कॉलेजप्रवेशाची ती दुसरी परीक्षा, देतेय. तिथे अजून लांबच उतारे असतात आणि एकेकावर प्रश्नांची रांग. मग कपाटातले उतारे रद्दी कसे? पडद्यावर खोडाखोड कशी करायची, हेही सांगा. हॉलचं वायफाय तर सगळे जाणतातच.

प्रेषक: म. दे.

एसीटीवाल्यांना ते उतारे जरूर द्या, पण वेगळ्या टेबलावर. तिथे परिच्छेदागणिक दोन-तीन शब्दांची टिपणं काढायची, म्हणजे कोणता प्रश्न कुठे बघायचा ते कळतं. १०० शब्दांच्या उताऱ्यावर तेवढं करत बसलं तर वेळ जातो. ब्लूबुकमध्ये हायलाईट आहे, टिपण आहे, नको तो पर्याय खोडताही येतो. परीक्षेत कच्चा कागद मिळतो, तेव्हा खजिनदारांची पेन्सिल वाया जायची नाही. वायफाय लागतं ते सुरुवातीला आणि उत्तरं पाठवताना. मध्ये गेलं तरी परीक्षा चालू राहते. बॅटरी मात्र घरूनच पूर्ण भरून आणा.

प्रेषक: र. का.

पक्ष्यांचं पटलं. आमच्या नातवाने तोच रहदारीवाला पर्याय निवडला होता, असं कळलं. सहलीचं मात्र कुणीच बोलत नाही.

प्रेषक: खजिनदार

ठीक आहे. एसीटीपुरत्या झेरॉक्स काढतो. लॅपटॉप बॅटरीवर चालणार असतील तर पॉट लागू शकतो. कॉफी कोण आणतंय?