सर्पदंशावरची गोळी कुठे मिळेल? लवकर सांगा

भातशेती:
सर्पदंशावर पोटात घ्यायची गोळी निघाली असं वाचलं. नाव व्हेरेस्प्लाडिब. लावणी तोंडावर आली आहे, त्याआधी घरात आणून ठेवायची आहे. मुंबई-पुण्यात कुठे मिळेल? किंमत काय? गोळी नसेल तर विष उतरवणारी लसच (अँटिव्हेनम) घरी ठेवता येईल का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

मीनल_ठाणे:
आत्ता कुणाला चावलाय का? तसं असेल तर इथे लिहीत बसू नका, आधी 108 लावा.

भातशेती:
नाही हो. आधीपासून तयारी म्हणून विचारतोय.

कातळवाट:
गाव कुठलं, साप कुठले, लस असलेला दवाखाना किती लांब? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पाटीलमामा:
घराजवळचं सरपण हलवा, उंदरांचा बंदोबस्त करा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश कळतही नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात.

भातशेती:
मामा, मच्छरदाण्या आहेत. मला गोळीचं सांगा.

सह्यमित्र:
गोळीबिळी सोडा. क्रेप बँडेज ठेवा, पायाच्या बोटांपासून वरपर्यंत गुंडाळायचं. ऑस्ट्रेलियात हेच करतात.

डॉ_तालुका:
सह्यमित्र, तिथले साप वेगळे. घोणस-फुरशाच्या दंशात सूज चढते, त्यावर घट्ट बँडेज बांधलं तर तिथलं मांस आणखी खराब होऊ शकतं. पाय फळीला सैलसर बांधून न हलवता न्या, बस्स.

सह्यमित्र:
आणि नाग असला तर? साप ओळखता येत असेल तर बँडेजचा फायदा आहे, मी शिबिरात शिकलोय.

डॉ_तालुका:
चिखलात, घाबरलेल्या अवस्थेत कोण ओळखणार?

भातशेती, गोळी अजून बाजारात नाही. भारत आणि अमेरिकेत 95 रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2024 मध्ये आले. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, म्हणजे गरजेप्रमाणे लसही, दिलेच होते. मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही. दंशानंतर 5 तासांच्या आत औषध मिळालेल्यांत सुधारणा जास्त दिसली, म्हणून आशा आहे. ते विषातलं फॉस्फोलायपेज ए2 नावाचं विकर रोखतं. पण लसीऐवजी ते नाही.

लस घरी ठेवू नका. ती शिरेतून द्यावी लागते, सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी लागतं. घरी माणूस जाईल.

दूरदेशी:
2025 मध्ये 'सेल' या विज्ञान नियतकालिकात आलेलं वाचा. अमेरिकेतले टिम फ्रीडी अनेक वर्षं स्वतःला विष टोचून घेत होते. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं आणि हेच व्हेरेस्प्लाडिब मिळून 19 जातींच्या विषावर तपासलं. लस आता जुनी होणार.

कातळवाट:
उंदरांवर तपासलं. आणि त्या 19 जाती सगळ्या नाग-मण्यारीच्या कुळातल्या. घोणस, फुरसं त्यात नाही. कोकणात त्याचा काय उपयोग?

सुमेधा_महाड:
विंचवाचंही लिहा ना कुणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून किती जीव वाचवले! 2011 च्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यावर 10 तासांत 91 टक्के रुग्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के.

भातशेती:
विंचू नको, ताई. रत्नागिरी जिल्हा, कातळावरचं गाव. गेल्या पावसाळ्यात लावणीला आलेल्या एका बाईंना फुरसं चावलं. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, पुढे धाडलं. वाटेत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वाचल्या, पण यंदाही त्या येणार आहेत आणि त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून विचारतोय.

डॉ_तालुका:
हे आधी सांगायला हवं होतं. पाऊस सुरू होण्याआधी आसपासच्या प्रत्येक दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा. आज कपाटात कुप्या किती? रात्री डॉक्टर असतात का? रक्त साध्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघतात का? फुरशाच्या दंशात रक्त गोठत नाही, ते त्या नळीत कळतं. जिथे तिन्हीची उत्तरं धड मिळतील तिथेच थेट न्यायचं, भले लांब असो. गाडीवाल्याचा नंबर मजुरांकडेही द्या.

भातशेती:
उद्या सकाळीच निघतो. गाडी दाराशी आहे, पण रात्री चालवणारा मीच एकटा. 108 आमच्याकडे किती वेळात येते, कुणाला अनुभव?

पाटीलमामा:
गमबूट घेतलेत का सगळ्यांना?