पिकल्या द्राक्षांवर पाऊस आणि माझी आवडती लेखिका

गोदाकाठ
या लेखिकेच्या प्रेमकथा मी कॉलेजपासून वाचतेय. त्यांच्या एका कादंबरीत तो तिच्या सायकलची पडलेली चेन बसवून देतो, काळे झालेले हात पाठीमागे लपवतो, आणि पुढची कितीतरी पानं दोघं एक शब्द बोलत नाहीत. तेवढ्यासाठी मी रात्र जागवलीये. नवी कादंबरी आपल्या नाशिकची आहे म्हटल्यावर सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, नंबर लागायची वाट न बघता विकतच आणली. दोन दिवसांत संपवली. फार वाईट वाटलं.

गोष्ट थोडक्यात अशी. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी नाशिकला बँकेत नोकरीला. पुण्याचा पैसेवाला मुलगा तिच्या प्रेमात पडतो. वडिलांवर कर्ज असतं, ते तो तिला न सांगता फेडून टाकतो. ती रडते, लग्न होतं.

माझं अडलं ते फेब्रुवारीतल्या प्रसंगावर. घड काढणीला आठ दिवस उरलेत, अचानक पाऊस येतो, आणि ही दोघं बागेत चिंब भिजत नाचतात. साखर भरलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात हो! माझे मामा पिंपळगावचे. असा पाऊस आला त्या रात्री मामी देवापुढून उठली नाही आणि मामा बॅटरी घेऊन बागेत फिरत होते. सकाळी त्यांनी माझ्या तळहातावर एक मणी ठेवला. देठापाशी केसाएवढी चीर, त्यातून रस पाझरत होता. दुपारी व्यापारी सौदा मोडून गेला.

बागायतदाराची लेक त्या पावसात नाचणार नाही. ती प्रेमात जरूर पडेल, पण त्या क्षणी ती बापाच्या तोंडाकडे बघेल. आणि मुलाचं तिच्यावर खरंच प्रेम असेल, तर ते त्याला दिसेल. सायकलची चेन लिहिणाऱ्या बाईंना हे दिसू नये, याचं दुःख आहे.

सिडकोवाली
ताई, प्रेमकथा आहे, शेतीचं पुस्तक नाही. दिवसभर घरात हप्ते आणि फिया यांचाच हिशोब चालतो. रात्री तासभर कुणीतरी बेभान होऊन नाचताना वाचलं तर बिघडलं कुठे? आणि पुराचं प्रकरण विसरलात? पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलंय, भांडी बाजारातले दुकानदार माल माडीवर चढवतायत, आणि त्या गर्दीत दोघांची पहिली भेट. माझं माहेर तिथलंच. वाचताना अंगावर काटा आला.

गोदाकाठ
विसरले नाही, म्हणून तर जास्त लागलं. तिथे ती पितळी घंगाळ उचलू बघते आणि तो नाव-गाव न विचारता दुसरा कान धरतो. ते माझ्या ओळखीच्या बाईंनी लिहिलंय. पुढे याच मुलाला काय झालं? शंभर पानांत तो बँकेबाहेर गाडी लावून तिच्यावर नजर ठेवायला लागतो आणि कादंबरी त्याला प्रेम म्हणते.

पुस्तकवेडा
मला हा धागाच अन्यायाचा वाटतो. तुम्हाला नवी कादंबरी नकोच आहे, जुनीच पुन्हा हवीये. लेखक माणूस आहे, त्याला कंटाळा येतो, वेगळं करावंसं वाटतं. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या वाचकांनी लेखकाला एवढी मोकळीक द्यायला हवी. शिवाय हल्ली बागांवर प्लास्टिकचं आच्छादन करतात, बाग वाचली असेल.

मांडव
मी निफाड तालुक्यातला, द्राक्षंच करतो. आच्छादनाचा खर्च एकरी लाखांत जातो, कर्जातल्या माणसाला तो झेपायचा नाही. आणि आच्छादन असतं तर दोघं भिजलीच नसती. ऑक्टोबरात फळछाटणी केल्यापासून चार महिने डावण्या, भुरी असले रोग आणि त्यांच्या फवारण्या. आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा बाग बघून धरतात. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कर्ज कशाने झालं, तर पुस्तक म्हणतं भाव पडला. त्या पावसाचं नावही नाही! आणि लग्नाआधी होणाऱ्या जावयानं परस्पर कर्ज फेडलं, तर आमच्याकडचा बाप तोंड लपवून फिरेल. इथे तो पेढे वाटतो.

पुस्तकवेडा
दादा, पावसाचा मुद्दा मान्य. पण मुलगा मदत करतोय, त्यात एवढा अपमान बघायचं कारण नाही. आणि वेगळं करू द्यावं, यावर मी ठाम आहे.

गोदाकाठ
वेगळं करू देत की. हिरो पैसेवाला असू दे, विमानात बसू दे. फक्त त्यानं तिला एकदा विचारावं, "फेडू का?" तिनं नाही म्हणावं, मग तो काय करतो ते मला वाचायचं होतं. तिथेच गोष्ट होती.

सिडकोवाली
ते पान आत्ता परत काढून वाचलं. खरंच, ती एकही प्रश्न विचारत नाही. तरी मला कादंबरी आवडली, हे मी मागे घेणार नाही. मात्र सायकलवाली मी वाचलेली नाही. तुमच्याकडे आहे का?

गोदाकाठ
आहे. शनिवारी सावानात येतेय, घेऊन येते. मधली चार पानं सुटी झालीत, तेवढी जपा.