मदत हवी आहे: बाबांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी काहीतरी बिनसलंय

घाईत_आहे: बाबांचं फुल बॉडी चेकअप केलं, सगळं नॉर्मल. पण माणूस नॉर्मल नाहीये. दोनदा पडले, आणि आयुष्यभर बँकेत कॅशियर असलेला माणूस आता पासबुक माझ्याकडे सरकवून तूच बघ म्हणतो. एमआरआय करू का थेट? रविवारी मला परत निघायचंय, पटकन सांगा.

कोपऱ्यातला: वय? गोळ्या कुठल्या? पडले कधी, दिवसा का रात्री? सगळं आम्हीच विचारायचं का.

ठाणेकर_आत्या: आधी बी१२ बघा! माझ्या सासऱ्यांना इंजेक्शनं दिली, महिन्याभरात टुणटुणीत.

फिजिओ_मावशी: चेकअपमध्ये रक्त कळतं, माणूस घरात कसा वावरतो ते कळत नाही. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. तुम्ही शेजारीच उभे रहा. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडासवर ताबा, जेवण, यात कुठे मदत लागते तेही लिहून काढा.

कोपऱ्यातला: म्हातारा माणूस हळूच चालणार, त्यात सेकंद काय मोजायचे.

फिजिओ_मावशी: सहा महिन्यांनी परत मोजलं की कळतं काय मोजायचे ते.

अण्णा_कोल्हापूर: ७० च्या वरच्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत. काढलं का?

कोपऱ्यातला: अहो अण्णा, ते अॅडमिट झाल्यावर. इथे कोण अॅडमिट आहे.

घाईत_आहे: वय ७९. तिसऱ्या प्रयत्नात खुर्चीचे हात दाबून उठले, वळताना भिंत धरली, २१ सेकंद. गोळ्या तीन डॉक्टरांच्या मिळून नऊ निघाल्या, बीपीच्या दोन, प्रोस्टेटची, झोपेची, बाकीच्या कशाच्या ते बाबांनाही माहीत नाही. पडले दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठल्यावर.

फिजिओ_मावशी: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना रे बाळा! पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगाच.

ठाणेकर_आत्या: झोपेची गोळी आजच फेकून द्या.

फिजिओ_मावशी: आत्या, नको! रोजची झोपेची गोळी एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

ठाणेकर_आत्या: बरं बाई. पण बी१२ कराच.

घाईत_आहे: झोपून १४८, उभं राहून १२१. तिकीट कॅन्सल केलं, सोमवारी नऊच्या नऊ पाकिटं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओततो. आणि पासबुकाचं शेवटी बाबांनाच विचारलं, इतके दिवस विचारलंच नव्हतं. म्हणाले, हिशोब येतो रे, अक्षरं पुसट दिसतात.

अण्णा_कोल्हापूर: मोतीबिंदू असणार. कार्ड काढून ठेवा म्हणतो ते ऐका.