डी.एड.चे दिवस : टाचणं, सराव पाठ आणि नंतरची शाळा

बारावीनंतर दोन वर्षं काढ, मग आयुष्यभराची चिंता नाही. आमच्या पिढीला हा सल्ला घराघरांतून मिळायचा. प्राथमिक शिक्षक होण्याच्या त्याच अभ्यासक्रमाला आता डी.एल.एड. म्हणतात, त्याआधी डी.एड., आणखी मागे पीटीसी. यातलं काहीही केलेल्यांनी इथे लिहा, पुढे नोकरी लागली असो वा नसो. वर्गात काय कामी आलं आणि काय वहीतच राहिलं, हे आवर्जून सांगा. अध्यापक विद्यालयाचं नाव मात्र नको, जुनी भांडणं निघतात.

सुरुवात मी करते. सूक्ष्म अध्यापन! एकेक कौशल्य सुटं काढून पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी. प्रबलन, म्हणजे मुलांना प्रोत्साहन देण्याच्या कौशल्याच्या पाठाला मागे बसलेली निरीक्षक मुलगी तक्त्यात रेघा ओढायची. 'शाब्बास' म्हटलं, एक रेघ. मान डोलावली, एक रेघ. एखादी मैत्रीण मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायची, म्हणजे मला 'पुन्हा विचार कर बरं' म्हणता येईल आणि रेघ वाढेल. तेव्हा नाटकच वाटायचं. पण मूल चुकलं की तोंडातून आधी काय निघतं, यावर माझा जो काही ताबा आहे तो तिथलाच.

मराठवाडी मास्तर
ताई, तुमचं बरं होतं. आमच्याकडं टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या आराखड्याच्या वहीलाच देव मानायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. समास लाल शाईनंच. सराव पाठाला आम्ही सगळे जवळच्या एकाच शाळेत. तिथली पोरं पाठ बघून बघून पक्की तयार झालेली. माझी प्रस्तावना चालू होती, दुसऱ्याच प्रश्नाला एक पोरगं उठून म्हणलं, 'सर, तुम्ही जलचक्र शिकवणार ना? कालच्या सरांनी बी तेच शिकवलं.' सगळा वर्ग हसला. निरीक्षक सरांनी शेरा लिहिला, 'पूर्वज्ञान उत्तम जागृत केले.'

पुणेरी पाटी
गुंडाळी फळा काखेत घेऊन एसटीत चढलेल्यांनी हात वर करा. कंडक्टर लगेजचं तिकीट मागायचा.

निवृत्त बाई
मी सातवी फायनल होऊन ट्रेनिंगला गेले, साठच्या दशकात. वसतिगृह होतं, पहाटे प्रार्थना, सफाई, आणि मूलोद्योग म्हणून टकळीवर सूतकताई. सूत तुटलं की गुण कापत. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरारांकडे आणि पुण्याला नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते, हे आमच्या मुख्य बाई पहिल्याच दिवशी सांगत. म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या बाईची परंपरा केवढी जुनी, हे मनावर ठसावं म्हणून. सूतकताई पुढे कुठे लागली नाही. फळ्यावरचं अक्षर मात्र रोज घटवून घेत. खडू मोडून अर्धा करायचा, तिरका धरायचा, आणि लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करायची नाही. माझी नात आता शिक्षिका आहे, तिच्या वर्गात स्मार्ट टीव्ही आहे, तरी वीज गेली की फळाच.

पदविकाधारक (फक्त)
नोकरी लागलेल्यांचे गोड अनुभव वाचले. आता आमचं ऐका. गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली त्या लाटेतला मी. वडिलांनी शेताचा तुकडा गहाण टाकून व्यवस्थापन कोट्यात प्रवेश घेतला. बाहेर पडलो तर २०१० नंतर भरती थंडावलेली. २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती पास झालो. मग म्हणाले अभियोग्यता चाचणी द्या, २०१७ ला तीही दिली. मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. तोवर माझं लग्न होऊन मोबाईल रिचार्जचं दुकान निघालं होतं. प्रशिक्षण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला वजाबाकीतला हातचा मी काड्यांचे गठ्ठे सोडून शिकवला, शेजारची पोरंही येऊन बसतात. पण गरज किती आणि जागा किती हे न बघता ज्यांनी कॉलेजं वाटली, त्यांना कोण विचारणार?

सेवेतला
आमचीही गंमत बघा. नोकरी लागली तेव्हा टीईटी नव्हतीच. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनाही ती पास व्हावी लागणार. दीडशे प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. माझा मुलगा नीटच्या अभ्यासाला बसतो, मी समोर बालमानसशास्त्र घेऊन. बायको दोघांनाही एकाच आवाजात ओरडते.

मेळघाटातली
माझी पहिली नेमणूक धारणी तालुक्यात, शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर. पहिलीतली मुलं घरी कोरकू बोलणारी. माझं सुंदर टाचण मराठीत. मी प्रश्न विचारला की सगळी टुकुटुकू बघायची. शेवटी चौथीतल्या एका मुलीला मधल्या सुट्टीत शेजारी बसवून घेतलं. ती वस्तूला बोट लावायची, कोरकू नाव सांगायची, मी वहीत देवनागरीत उतरवायचे. माझा उच्चार चुकला की ती लोटपोट हसायची आणि तीन-तीनदा म्हणवून घ्यायची. दिवाळीपर्यंत वर्ग बोलायला लागला. डी.एड.ला मराठीची अध्यापन पद्धती होती, पण मूल मराठी न बोलणारं असेल तर काय, याबद्दल एक ओळही शिकवली नव्हती.

दुसऱ्या वर्षाची
मी सध्या डी.एल.एड. करतेय. आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावासाठी द्विशिक्षकी शाळा मिळालीय. एक सर सारखे मीटिंगला, की पहिली ते चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. टाचण कुठल्या इयत्तेचं काढू?

मेळघाटातली
विषय एक घ्या, काम चार प्रकारचं. शाळा भरायच्या आधी तिसरी-चौथीचं काम फळ्यावर लिहून ठेवा. दुसरीला जोड्यांनी वाचायला बसवा. पहिली तुमच्या पायाशी, खडू त्यांच्या हातात, लिहायला फरशी. पंचवीसेक मिनिटांनी उठून चौथीकडे जा. आणि चौथीतला सर्वांत दंगेखोर असेल त्याला पहिलीचा गटप्रमुख करा, हुशाराला नको.