ॐकाराला कान झाकणाऱ्या मुलासाठी

ताई, रंकाळ्यावरच्या सकाळच्या योगवर्गात ॐकार सुरू झाला की तुमचा ऑटिझम असलेला सहा वर्षांचा मुलगा कान झाकून पळतो, असं तुम्ही लिहिलंय. हा हट्ट नाही, इतक्या जणांचा एकत्र आवाज त्याला खरंच सोसत नसावा. वर्ग सध्या बंद ठेवा. घरीच, रोज त्याच वेळी, जुन्या सतरंजीवर करा. नव्या मॅटचा रबरी वास काही मुलांना अजिबात चालत नाही.

सुरुवातीला तीनच गोष्टी, पाच मिनिटांत: तळहातांनी भिंत ढकलणं (दहा अंक मोजून, तीनदा), मार्जारासन (मांजरासारखं हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं), शेवटी बालासन (गुडघ्यांवर बसून पुढे वाकून कपाळ टेकवणं). क्रम बदलू नका. प्रत्येकाचं चित्र भिंतीवर लावा. झालं की त्यालाच ते काढून डब्यात टाकू द्या. किती उरलंय हे डोळ्यांना दिसलं की धुसफूस बरीच कमी होते. सूचनांची सरबत्ती नको. दोन शब्द बोला आणि शेजारी स्वतः करून दाखवा. हातपाय धरून आसनात बसवणं तर नकोच, अचानक स्पर्शाने तो बिथरेल.

भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याची, घाई नको. तुम्ही हळू गुणगुणा, त्याला वाटलं तर तुमच्या छातीवर हात ठेवू द्या. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं पूर्ण टाळा: ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण जास्त असतं, आणि जोरजोरात श्वास घेतल्याने काहींना झटका येऊ शकतो.

स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र चालूच ठेवा. भिंत ढकलणं थेरपीला निघण्याआधीही करून बघा.