बेघर सेवांचं मनुष्यबळ: 'पद', 'माणूस' आणि 'तास' यांत फरक कसा करावा?

प्रश्न
बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून मनुष्यबळाची माहिती मागवायची आहे, त्याचा तक्ता मराठीत करते आहे. 'वर्कफोर्स'ला 'कार्यबल' म्हणावं की 'मनुष्यबळ'? शिवाय मसुद्यात 'व्हेकन्सी' आणि 'टर्नओव्हर' दोन्हींसाठी 'रिक्त पदे' असंच लिहिलं गेलंय. चालेल का?

प्रतिसाद
'मनुष्यबळ'च ठेवा. 'कार्यबल' चूक नाही, पण तक्ता भरणारा तिथे अडखळेल.

दुसरं मात्र चालणार नाही. 'रिक्त पदे' म्हणजे अमुक एका तारखेला किती जागा रिकाम्या होत्या ते. 'टर्नओव्हर' म्हणजे ठरावीक काळात किती जण सोडून गेले. त्याला 'कर्मचारी गळती' हा रुळलेला शब्द आहे. समजा, निवाऱ्यात वीस जण आहेत. वर्षभरात दहा जण गेले आणि दहाही जागा लगेच भरल्या. मार्चअखेर रिक्त पदे शून्य, गळती मात्र पन्नास टक्के. एकच रकाना ठेवलात तर कागदावर सगळं आलबेल दिसेल. आणि तिथे राहणाऱ्या माणसाला आपली सगळी कहाणी पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागलेली असेल. बेघरांच्या कामात विश्वास बसायलाच महिने जातात, म्हणून गळतीचा आकडा इथे फार मोलाचा आहे. सोडण्याचं कारणही विचारा: पगार, रात्रपाळी, कंत्राट संपलं, की ताण असह्य झाला.

प्रतिसाद
वरच्याशी पूर्ण सहमत. मला जास्त काळजी 'कर्मचारी संख्या' या रकान्याची वाटते. कुणी त्यात मंजूर पदं लिहितं, कुणी हजेरीपटावरची माणसं, कुणी अर्धवेळवाले दोन मिळून एक धरतं. मग ही बेरीज कशाची?

निवारा चोवीस तास उघडा असतो, तिथे हा घोळ फार महागात पडतो. काळजीवाहकाची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर आठवड्याचे 168 तास होतात. माणूस आठवड्याला 40 तास काम करत असेल तर 4.2 माणसं लागतात, 48 तास करत असेल तरी 3.5. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. नियोजन करणारा 'एक काळजीवाहक' वाचतो आणि एका पगाराची तरतूद करतो. उरलेल्या रात्री कोण काढतं, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

माझी सूचना: 'मंजूर पदे', 'प्रत्यक्ष कार्यरत व्यक्ती' आणि 'आठवड्याचे एकूण कामाचे तास' असे तीन रकाने ठेवा. 'पूर्णवेळ समतुल्य' (सगळे तास मिळून किती पूर्णवेळ माणसांइतके होतात तो आकडा) संस्थांकडून भरून घेऊच नका. तास मिळाले की तो आकडा तुम्हालाच काढता येईल.

प्रतिसाद
पदनामांकडेही बघा. एकाच कामाला एक संस्था 'समन्वयक' म्हणते, दुसरी 'क्षेत्र कार्यकर्ता'. पदनामापुढे 'मुख्य काम' विचारा: रस्त्यावरचा संपर्क, निवारा चालवणं, समुपदेशन, घर मिळवून देणं.

सरकारी आकडेवारीतून हे निघेल असं समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग वर्गीकरणात (आयएसआयसी, चौथी आवृत्ती) बेघरांचे तात्पुरते निवारे 8790 या क्रमांकाच्या गटात आहेत, अनाथालयांच्या सोबत. बेघरांसाठीची दिवसाची केंद्रं 8890 मध्ये, निर्वासितांच्या मदतकार्यासोबत. एकाच क्षेत्रातली माणसं दोन गटांत विखुरतात आणि दोन्हीकडे इतरांत मिसळून जातात. त्यामुळे तुमच्या तक्त्याला पर्याय नाही, तो नीट व्हायलाच हवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. तीन रकाने घेतले, गळती वेगळी केली. स्वयंसेवकांचं काय करू?

प्रतिसाद
घ्या, पण तास वेगळे लिहा, पगारी तासांत मिसळू नका. स्वयंसेवक करत असलेलं काम उद्या ते आले नाहीत तर थांबेल का, हेही विचारा. उत्तर 'हो' असेल तर ती न भरलेली जागाच समजा.

प्रश्नकर्ती
पटलं. एक शब्द अजून अडलाय: पूर्वी स्वतः बेघर राहिलेले आणि आता याच कामात असलेले कार्यकर्ते. 'समानुभवी कार्यकर्ता' लिहिलंय. कुणाला याहून सोपं सुचतंय का? आणि हा रकाना ऐच्छिक ठेवते आहे, आपला भूतकाळ सांगण्याची सक्ती कुणावर नको.