बागेतल्या टिनाच्या खोलीसाठी १०० वॅटचं पॅनेल पुरेल का?

नागपुरात पंखा दहा तास आणि दोन दिवे चार तास, एवढ्यासाठी १०० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट, ४० एएचची (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी पुरेल का, असं वर विचारलंय. नाही पुरणार. १२ व्होल्टचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅट धरला तर ३०० वॅट-तास, ९ वॅटचे दोन दिवे ७२, एकूण ३७२. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हाती २४० वॅट-तास. १६५ वॅटचं पॅनेल आणि १२.८ व्होल्ट, ५० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या उपकरणावर) बॅटरीचा प्रकार मात्र नीट निवडा.

नागपुरात खरा शत्रू मे महिना. पॅनेल ७० अंशांपर्यंत तापलं की उत्पादन साधारण १५ टक्के घटतं. म्हणून ते टिनावर चिकटवू नका. खाली चार-सहा इंच हवा खेळू द्या, तोंड दक्षिणेला, कल २१ अंश. कडुनिंबाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. बॅटरी टिनाखाली उंच फळीवर नको, उत्तरेच्या भिंतीशी जमिनीलगत ठेवा.

पॅनेल १० मीटरवर असेल तर ४ चौरस मिमीची डीसी केबल लागेल, २.५ मध्ये व्होल्टेज सव्वा व्होल्टच्या वर घटतं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, काढताना उलट.

आणि कूलर यावर लावूच नका. १८० वॅटचा कूलर आठ तासांत १४४० वॅट-तास खातो, त्याचा हिशेब वेगळा करावा लागेल.